शेंदरी इंजिन

माझ्या अंगठ्याचा ठसा गंजात उमटलेला एक बिडाचा तुकडा अकरा वर्षं आमच्या स्टोरच्या फळीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवलेला होता. ज्यांनी तो तिथं ठेवला त्यांचं नाव मी लिहिणार नाही. सगळं वर्कशॉप त्यांना नाना म्हणायचं. कुणी नवख्यानं नाव विचारलंच तर "नाव काय चाटनं शे?" असं म्हणून ते त्याला वाटेला लावायचे. तेव्हा त्यांची मर्जी मीही राखतो.

लढाईच्या आधीची गोष्ट. मी धुळ्याला मॅट्रिक होऊन जळगावात एका शेठच्या वर्कशॉपात स्टोरकीपर म्हणून लागलो होतो. शेठचा कापसाचा जिन होता, आणि चोपड्याच्या बाजूला तापीवरच्या एका घाटावर तरीचा, म्हणजे लोकांना नदीपार नेण्याचा, मक्ताही त्यांच्याकडे होता. उन्हाळ्यात नदी आटली की तिथं बांबूनं रेटायच्या नावांवर भागायचं. पाणी चढलं की मात्र लाँच लागायची. त्या लाँचचं घासलेटवर चालणारं इंजिन सगळं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, आठ माणसांनाही न हलणारं. दर चैत्रात ते लाँचमधून उपसून बैलगाडीवर घालून आमच्याकडं यायचं. ते खरवडायचं, धुवायचं, रंगवायचं आणि मृगाच्या आत परत घाटावर पोचवायचं, हे नानांचं काम.

रंगारी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "रंगारी भिती रंगाडस. मी गंजना वैरी शे," असं ते म्हणत. आणि वैर त्यांनी खरोखरच वैरासारखं पाळलं.

मी लागलो त्याच आठवड्यात इंजिनाचा एक भाग खरवडून ठेवला होता. बीड आतून असं राखाडी, स्वच्छ असतं हे मला माहीत नव्हतं. मी सहज अंगठा लावून पाहिला. त्यांनी एक मोडका बिडाचा तुकडा खरवडून, पुसून माझ्यापुढं धरला. "लाव अंगठा. दाबीसन लाव." मी लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तुकड्यावर तपकिरी अंगठा उमटला होता, रेघ न् रेघ मोजून घ्यावी असा. "हाऊ तू शे," नाना म्हणाले. "हातवर मीठ ऱ्हास मानूसना. लोखंड ते इसरत नही." आणि त्यांनी तो तुकडा माझ्याच फळीवर ठेवून दिला. पुढं कुणीही स्टोरमध्ये आलं की नाना त्याला ठसा दाखवत आणि माझ्याकडं बोट करत. मला त्याचा फार राग यायचा. आता वाटतं, माझी एवढी खरी सही दुसरीकडं कुठं नाही.

घामातल्या मिठावर त्यांचा इतका दात होता की रंगाच्या दिवसांत ते अळणी खायचे. भाजीत मीठ नाही, ताकात मीठ नाही. त्यानं घाम गोड होतो असं त्यांचं म्हणणं होतं. जळगावातल्या एका वैद्यानं हे ऐकून त्यांच्या तोंडावर हसून घेतलं. नाना म्हणाले, "तू मानूस बरा करस, मी लोखंड. आपला आपला धंदा देख." कपाळाला फडक्याची पट्टी, अंगात काही नाही, धोतर गुडघ्यावर खोचलेलं, अशा थाटात नऊ दिवस हे व्रत चालायचं. नानी म्हणजे त्यांची बायको. ती एकदा मला म्हणाली, "रंगना ब्रश उशाले ऱ्हास, मी पायथाले." पण चुलीवरचा अळणी स्वैपाकही तीच करायची, आणि स्वतःही तोच खायची.

त्यांची रीत सांगतो, कारण पुढं जे घडलं ते त्या रीतीमुळंच. आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं सगळं वंगण काढायचं. मग हातोडीनं टोकून गंजाच्या खपल्या पाडायच्या, तारेचा ब्रश, मग काचकागद. मग घासलेटच्या चिंधीनं पुसून इंजिन आवारातल्या निंबाखाली ओंडक्यांवर चढवायचं. शेडमध्ये नाही, कारण शेडमध्ये धूळ. त्याच्या चार बाजूंना पाटीत गोवऱ्यांचा विस्तव ठेवायचा, कारण बीड आतून ओल धरतं आणि ती ऊब देऊन काढावी लागते. हाताची पाठ जवळ नेऊन ऊब बघायची, टेकवायची नाही. मग जवसाचं उकळलेलं तेल आणि शेंदूर. आपण मारुतीला लावतो तोच शेंदूर. गंज रोखायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, असं नाना सांगायचे आणि ते खरंच होतं. त्या निंबाच्या सावलीत कुणी चपला घालून यायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, हात लावायचा तर प्रश्नच नाही. शेठसुद्धा जोडे काढून उभे राहायचे.

पहिला हात कुठं द्यायचा? कुणीही समोरून, वरून सुरुवात करील. नाना गोणपाटावर उताणे पडून आधी पोटाखाली शिरायचे. लाँचच्या तळाशी कायम वीतभर पाणी साठलेलं असतं. इंजिनाचे चार पाय, म्हणजे ज्यांच्यावर ते लाकडाला बोल्टांनी आवळतात ते, वर्षातले कितीतरी महिने त्या पाण्यात असतात. भर पुरात एक पाय जरी सुटला तर इंजिन कलंडणार, लाँच आडवी होऊन खडकावर जाणार, आणि आत तीस-चाळीस माणसं. हे सगळं नाना एका वाक्यात सांगायचे: "वरला हात लोकेसले, खालना हात नदीले." वर तुम्ही हिरवा द्या नाहीतर जांभळा द्या, त्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

आणि रंगवणाऱ्यानं पहिल्या पुरात इंजिनाशेजारी बसून नदी पार करायची, असाही त्यांचा नेम होता. नानांना पोहता येत नव्हतं. मी एकदा विचारलं, मग कशाला जीव धोक्यात घालता? ते म्हणाले, "पवता येतं तं हात घाई-घाईमां दिधा असता."

आता आखाजीची, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय तृतीयेची, गोष्ट. ती सांगताना मला माझाच कान धरावासा वाटतो.

एका साली आखाजीच्या आदल्या दिवशी शेंदराचा पहिला हात दिला होता. वर्कशॉपला आखाजीची सुटी. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, झाडाझाडाला झोके, घरोघरी नव्या घागरीनं पितरांना पाणी, पुरणपोळी आणि आंब्याचा रस, आणि पुरुषांना वर्षातून एकदा पत्ते खेळायची राजरोस मोकळीक. तरी नाना सकाळपासून निंबाखाली बसून होते. दुपारी नानीनं दोनदा निरोप धाडला तेव्हा कुठं उठले. मला म्हणाले, "मी जेवीसन उनू. तू आठेच बस. माशी बी बसू देऊ नको."

मी बसलो. अर्धा तास बसलोही. मग शेडच्या मागून पत्त्यांचा आणि हसण्याचा आवाज यायला लागला. एक डाव, असं मी मनाशी म्हटलं. एका डावावर कुणाचं भागलं आहे?

परत आलो तेव्हा निंबाखाली चार बायका होत्या. पुढं एक म्हातारी, वर्कशॉपच्या रस्त्यापलीकडच्या वस्तीतली. तिला सगळे अक्का म्हणत. चौघींच्या चपला फाटकापाशी नीट ओळीनं काढलेल्या. अक्काच्या हातात नवी मातीची घागर होती आणि ती घागर इंजिनावर रिकामी झाली होती. वर हळद, कुंकू, दोन आंबे, आणि बाजूला फुटलेला नारळ. नारळाचं पाणी शेंदरावरून ओघळून खाली थेंब थेंब पडत होतं.

तुम्हीच बघा. निंबाचं झाड, उंचावर शेंदूर फासलेलं काहीतरी, चारी बाजूंना विस्तव, वाटीत तेल, उघड्या अंगानं अळणी खाऊन बसणारा म्हातारा, चपला बाहेर. खानदेशात असल्या जागेला काय म्हणतात हे कुणाला सांगायला नको.

तेवढ्यात नाना आले. त्यांच्या तोंडून त्या बायकांना जे काही ऐकावं लागलं ते लिहिण्यासारखं नाही. बायका गेल्या. मग नाना माझ्याकडं वळले. मला वाटलं आता माझी पाळी. ते फक्त म्हणाले, "किती डाव?" मी म्हटलं, "तीन." त्यांनी मान हलवली आणि इंजिनापाशी जाऊन बसले. ओल्या शेंदरावर पाण्याचे फोड आले होते. त्यांनी नखानं एक फोड उचलला. खाली तपकिरी ठिपका धरू लागला होता.

"बठ्ठं खरवडनं पडी," ते म्हणाले. "नऊ दिन."

नऊ दिवस नव्हते. आठव्या दिवशी तरीच्या परवान्याचा साहेब घाटावर लाँच बघायला येणार होता. शेठना सगळं चकचकीत हवं होतं, इंजिन तर त्यांनी हिरवंगार सांगितलं होतं. खास त्यासाठी हिरव्या रंगाचा डबा मुंबईहून मागवून माझ्या स्टोरमध्ये ठेवला होता. संध्याकाळी शेठ आले, जोडे न काढता निंबाखाली गेले.

"नाना, पुसून घ्या आणि वरून हिरवा मारा. साहेब काय नखानं उकरून बघणार आहे?"

"साहेब नही उकरनार. नदी उकरी," नाना म्हणाले. "वर रंग माराथीन गंज मझारनी मझार वाढस, शेठ. तुमले दिसनार बी नही."

"पुढच्या साली काढा तो गंज."

"पुढला साल येवाले लोक ऱ्हायनात पाहिजे."

शेठ माणूस वाईट नव्हते. पण समोर आम्ही पाचसात जण उभे, आणि मालकाला माणसांसमोर माघार घेता येत नाही. त्यांचा आवाज चढला, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा ते नानांना अरेतुरे बोलले. "उद्या सकाळी पाट्या रंगवणारा येईल. तो मारील हिरवा. तू हात लावायचा नाहीस. लावलास तर तुझं काम सुटलं असं समज."

नाना उठले, घरी गेले. मी रात्रभर कूस बदलत होतो असं लिहिलं तर खोटं होईल. मी झोपलो. पण सकाळी उठल्यावर पहिली आठवण त्या तीन डावांची झाली.

सकाळी पाट्या रंगवणारा ब्रश घेऊन आला आणि त्यानं माझ्याकडं हिरवा डबा मागितला. मी म्हटलं, स्टोरची किल्ली हरवली. किल्ली माझ्या करगोट्याला होती, चालताना मांडीला टोचत होती. नोकरीला लागल्यापासून मी मालकाशी कधी खोटं बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो, आणि अजून मला त्याची लाज वाटत नाही.

इतक्यात नाना आले, गोणपाट आणि हातोडी घेऊन. आणि त्यांच्या मागोमाग फाटकातून अक्का. नाना थबकले. मला वाटलं, आता हिची समजूत कोण घालणार? देवाचा शेंदूर खरवडतात हे बघून ही सगळी वस्ती गोळा करील.

नानांनी गोणपाट खाली ठेवलं. कालच्या शिव्या त्यांना आठवत असाव्यात, कारण त्यांचा आवाज खाली आला होता. "अक्का, तुमनी चूक व्हयी गयी. हाऊ देव नही. लाँचनं इंजिन शे."

अक्का म्हणाली, "मी काय आंधयी शे, नाना?"

"म्हनजे?"

"इंजिन शे, माले ठाऊक शे. मांगला श्रावणमां मनी पोर पल्याड बायंतपनमां अडेल व्हती. दोन दिन. तापीले पूर. याच इंजिननी तिले आल्याड आनं, मंग जयगावले दवाखानामां. पोर जिवत शे, नात बी शे. परवा दोन्ही घर उन्यात आखाजीले." तिनं इंजिनाकडं हात केला. "ज्यानं मानूस घर पोचाडं, त्याले आखाजीनं पानी नही वाहाव?"

मला तोंड लपवावंसं वाटलं. बायका अडाणी, शेंदूर दिसला की हात जोडणार, असं आम्ही काल धरून चाललो होतो. आणि ती काय वाहते आहे हे तिला आमच्यापेक्षा नीट ठाऊक होतं.

"पन अक्का," नाना हळूच म्हणाले, "पानी लागनं नि त्याले गंज धरना."

"मंग माले सांगनं व्हतं. तुमी त्याले देवनागत बठाडं, विस्तव लावा, चपला काढाले सांगं. पानी चालस नही हाई कोन सांगनार? खरवडा आते. बठ्ठं खरवडा."

नानांना कुणी सुनावलं आणि त्यांनी ऐकून घेतलं, हे मी त्या एकाच वेळी पाहिलं. ते म्हणाले, "चूक मनी शे," आणि हातोडी उचलली.

पाट्या रंगवणारा अजून तिथंच घुटमळत होता. अक्का त्याच्याकडं वळली आणि एकदम निराळ्याच आवाजात म्हणाली, "आनि तू रे भाऊ? देवले हिरवा रंग देनार? कोना सांगावरथीन?" तो बिचारा शनिवार करणारा माणूस. त्यानं इंजिनाला हात जोडले, ब्रश पिशवीत घातला आणि शेठकडं जाऊन सांगितलं की बाकी काहीही रंगवतो, एवढं सांगू नका.

दुपारी शेठ आले तेव्हा निंबाखाली हातोडीचे ठोके चालले होते आणि फाटकाशी अक्का तीन बायकांसह बसून होती. नाना पोटाखाली उताणे होते. तिथूनच बोलले.

"शेठ, कामवरथीन काढनं व्हयी तं काढा. पन नऊ दिन हाई लोखंड मनं शे."

"काढलं," शेठ म्हणाले.

"बरं," नाना म्हणाले, आणि ठोके पुन्हा सुरू झाले.

शेठ माझ्याकडं वळले. "किल्ली?"

"सापडली नाही," मी म्हटलं. ते निघून गेले. बायकांच्या अंगावर माणसं घालून म्हाताऱ्याला उचलायचं, हे त्यांना सुचलं नसेल असं नाही. त्यांनी ते केलं नाही, हेही सांगायला हवं.

नऊ दिवस नानांनी कुणाचेही नोकर नसताना काम केलं. अक्का रोज भाकर आणायची, अळणी. शेंदूर आणि जवसाचं तेल मी स्टोरमधून देत होतो, त्याला किल्ली कशी लागली नाही हे कुणी विचारलं नाही. साहेब ठरल्या दिवशी घाटावर आला. त्यानं बसायच्या फळ्या मोजल्या, उन्हाला वैतागून लिंबाचं सरबत प्यायला आणि गेला. लाँचमध्ये इंजिन नाही, फक्त चार बोल्टांची भोकं आहेत, हे त्यानं वाकूनसुद्धा पाहिलं नाही. इंजिन त्यानंतर चार दिवसांनी बसलं, शेंदरीच.

आषाढात पहिला मोठा पूर आला. लाँच सुटायच्या वेळी नाना घाटावर हजर. शेठ काठावर उभे होते. म्हणाले, "नाना, आता तुम्ही कशाला? तुम्ही कामावर नाही."

"मक्ता तुमना शे, शेठ. हात मना शे," असं म्हणून नाना इंजिनाशेजारी जाऊन बसले. मीही चढलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, आणि पोहता मलाही येत नव्हतं. पण तीन डावांचं काहीतरी करायला हवं होतं.

मध्यधारेत एक अख्खं बाभळीचं खोड वाहत आलं आणि लाँचच्या कुशीवर आदळलं. लाँच इतकी कलली की पाणी भसाभस आत आलं. माणसं किंचाळली. पाणी इंजिनाच्या पायांवर चढलं, बोल्ट दिसेनात. नाना नदीकडं बघतच नव्हते. ते त्या पाण्याखालच्या पायांकडं बघत होते, आणि त्यांनी उघडा तळवा इंजिनावर टेकवला. तापलेल्या इंजिनावर, सगळ्या मिठासकट. तसं करताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. इंजिन धडधडत राहिलं. एकही पाय हलला नाही. आम्ही डब्याडब्यानं पाणी उपसत पलीकडं लागलो.

पुढच्या चैत्रात शेठनी मला नानांकडं पाठवलं. झालं गेलं विसरून कामावर या, असा निरोप होता. नाना म्हणाले, "त्यास्ले सांग, मी कामवर नही. पगार लिधा का ऐकनं पडस." आणि दुसऱ्या दिवशी गोणपाट, ब्रश घेऊन निंबाखाली येऊन बसले. पुढं पाच वर्षं ते असेच आले. बिनपगारी, बिनबोलावता, नऊ दिवस. जाताना कुणाला सांगून जायचे नाहीत. वर हिरवा रंग मारा असं त्यानंतर शेठ कधी बोलले नाहीत. डबा फळीवर तसाच राहिला, माझ्या अंगठ्याच्या शेजारी, आतला रंग दगड होऊन.

लोक मला म्हणतात, तो माणूस तऱ्हेवाईक होता, एवढ्याशा गोष्टीसाठी भाकरीला लाथ मारली. म्हणोत. त्या घाटावरून माहेरी आलेल्या बायकांना विचारा एवढीशी गोष्ट कोणती ती.

सहाव्या साली माघात नाना गेले. चैत्रात इंजिन आलं आणि निंबाखाली उतरलं. शेठनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. मग मी घरी सांगितलं की नऊ दिवस माझ्या ताटात मीठ वाढू नका. नानीकडून ब्रश मागून आणला. तिनं तो फडक्यात गुंडाळून दिला आणि म्हणाली, "खालना हात पहिले."

आखाजीला दुपारी मी निंबाखाली बसलो होतो. शेडमागं पत्ते चालले होते. अक्का आली, फार वाकली होती. बरोबर सहा-सात वर्षांची नात, डोक्यावर लहानशी घागर घेतलेली. दोघींनी फाटकापाशी चपला काढल्या. अक्का तिथूनच थांबून मला म्हणाली, "हात सुकना का?"

मी हाताची पाठ जवळ नेऊन पाहिली. मग मुद्दाम बोट टेकवलं. बोटाला काही लागलं नाही.

"सुकला, अक्का," मी म्हटलं. "वाहा."

नातीनं घागर रिकामी केली. पाणी शेंदरावरून सरळ खाली उतरलं आणि मातीत जिरलं. मी गोणपाटावर उताणा पडून पोटाखाली शिरलो आणि चारही पाय एकेक करून पाहिले. कोरडे होते.